भय, धास्ती आणि शोक : 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' या मालिकेतील भयनिर्मितीची प्रक्रिया

प्रस्तावना

भयकथा हा वाङ्मयप्रकार नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्यासारख्या लेखकांनी मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचवला. वाचकांनी तो मनापासून स्वीकारला. समीक्षेने मात्र त्याला बराच काळ उंबरठ्याबाहेर ताटकळत ठेवले. 'रंजनपर' हा शिक्का एकदा बसला की त्यामागील रचनेचा विचार करण्याचे कारण उरत नाही, अशी सोयीची समजूत त्यामागे असावी. दूरचित्रवाणीवरील भयमालिकेची अवस्था याहून वेगळी नाही. वास्तविक, प्रेक्षकाच्या मनात एक विशिष्ट भाव जागवण्याचे आणि तो तासन् तास टिकवण्याचे कार्य जी कलाकृती करते, तिचा अभ्यास नाट्यशास्त्राची परंपरा असलेल्या भाषेत तरी अपरिचित वाटू नये.

अंधार, कर्कश ध्वनी आणि एकाएकी समोर येणारा विद्रूप चेहरा, असे भीतीचे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. या साधनांनी दोन मिनिटांची भीती निर्माण होते. नऊ-दहा तास चालणाऱ्या मालिकेत ती कशी टिकते, आणि पुढे काय होणार हे ठाऊक झाल्यावरही का ओसरत नाही, हे त्यातून उलगडत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार माइक फ्लॅनगन यांनी निर्माण व दिग्दर्शित केलेल्या 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' या दहा भागांच्या अमेरिकन मालिकेच्या आधारे केला आहे. ही मालिका नेटफ्लिक्सने १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित केली. विवेचनाच्या ओघात कथेतील रहस्ये उघड होणे अपरिहार्य आहे.

कादंबरी, चित्रपट आणि मालिका

मालिकेचा मूलाधार शर्ली जॅक्सन यांची याच नावाची १९५९ सालची कादंबरी होय. कादंबरीत डॉ. मॉन्टेग्यू नावाचा संशोधक अतिमानवी घटनांचा अभ्यास करण्यासाठी हिल हाउस या बदनाम वास्तूत काही पाहुण्यांना बोलावतो. त्यांपैकी एलिनॉर ही एकाकी तरुणी हळूहळू त्या घराच्या आहारी जाते. रॉबर्ट वाइज यांनी १९६३ साली या कादंबरीवर 'द हॉन्टिंग' हा कृष्णधवल चित्रपट केला. त्यात भूत एकदाही दिसत नाही. भिंतीपलीकडून येणारे धडाके आणि आतल्या बाजूला फुगत जाणारा दरवाजा एवढ्यावर सारा परिणाम साधलेला आहे.

फ्लॅनगन यांनी कादंबरीचे कथानक बाजूला ठेवून तिच्यातील नावे व काही प्रसंग घेतले आणि त्यांतून एक कुटुंब उभे केले. १९९२ च्या उन्हाळ्यात ह्यू आणि ऑलिव्हिया क्रेन हे दांपत्य जुनी वास्तू दुरुस्त करून विकण्याच्या उद्देशाने आपल्या पाच मुलांसह हिल हाउसमध्ये राहावयास येते. एका रात्री वडील मुलांना मोटारीत घालून घराबाहेर काढतात. आई मागे राहते आणि त्याच रात्री तिचा मृत्यू होतो. त्या रात्री नेमके काय घडले हे वडील मुलांना कधीच सांगत नाहीत. सुमारे पाव शतकानंतर ही मुले प्रौढ झालेली आहेत. स्टीव्हनने त्या घरावर पुस्तक लिहून नाव मिळवले आहे, परंतु त्याचा स्वतःचा भुतांवर विश्वास नाही. शर्ली मृतांच्या अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारा व्यवसाय करते. थिओ बालमानसतज्ज्ञ आहे. स्पर्शातून नको ते कळते म्हणून ती हातमोजे घालते. ल्यूक हेरॉइनच्या व्यसनात सापडला आहे. त्याची जुळी बहीण नेल पहिल्याच भागाच्या अखेरीस मरण पावते, तीही त्याच घरात.

मूळ कादंबरीत परस्परांना अनोळखी असलेली माणसे एकत्र येतात. मालिकेत एकमेकांना फार चांगले ओळखणारी माणसे एकमेकांपासून दुरावलेली आहेत. या एका बदलावर भयनिर्मितीची बरीच मदार आहे.

धक्का, उत्कंठा आणि धास्ती

'भीती' या एका शब्दाखाली किमान तीन निरनिराळे अनुभव येतात. पहिला दचकण्याचा. अनपेक्षित आवाज किंवा हालचाल झाली की शरीर विचारापूर्वीच आक्रसते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती क्षणार्धात संपते आणि पुनःपुन्हा घडवली तर बोथट होते. १९४२ सालच्या 'कॅट पीपल' या चित्रपटात निर्जन रस्त्यावरून चालणाऱ्या स्त्रीच्या मागावर कोणीतरी आहे असे वाटत असताना एकदम मोठा आवाज करीत एक बस पडद्यावर शिरते. त्या प्रसंगापासून ही युक्ती चित्रपटसृष्टीचा पाठच बनून गेली. तिचा अतिरेक कसा होतो हे आपल्याकडील मालिकांच्या प्रेक्षकांना वेगळे सांगावयास नको. एकाच व्यक्तीचा चेहरा तीन वेळा जवळ आणून तीन वेळा ताशा बडवला की निर्माण होते ती भीती नव्हे, सवय.

दुसरा अनुभव उत्कंठेचा. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रसिद्ध संवादात तो एका उदाहरणाने स्पष्ट केला आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसताना तो फुटला, तर काही सेकंदांचे आश्चर्य पदरात पडते. प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि टेबलाभोवतीची माणसे मात्र निवांत गप्पा मारीत आहेत, अशी योजना केली, तर तोच निरर्थक संवाद जीव टांगणीला लावतो. उत्कंठा म्हणजे माहितीचे वाटप होय : पात्राला काय ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला काय, यांतील अंतर.

तिसरा अनुभव धास्तीचा. इंग्रजी कादंबरीकार ॲन रॅडक्लिफ यांच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दोन प्रकारच्या भयांत भेद केलेला आढळतो. एक मनाला विस्तारते व जागे करते. दुसरे त्याला गोठवून टाकते. पहिल्याचे बळ संदिग्धतेत असते. धास्तीचे नाते या पहिल्याशी आहे. तिला निश्चित विषय नसतो. काहीतरी वाईट आहे हे कळते. काय, कोठे आणि केव्हा हे कळत नाही. उत्कंठेला मुदत असते, बॉम्ब कधीतरी फुटतोच. धास्तीला मुदत नसते.

प्रदर्शनाच्या पद्धतीचाही येथे संबंध येतो. रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' (१९९३) किंवा सोनी वाहिनीवरील 'आहट' (१९९५) पाहणाऱ्या प्रेक्षकाला पुढच्या भागासाठी आठवडाभर थांबावे लागे. ती वाट पाहणे हेच उत्कंठेचे इंधन होते. कथा मात्र संपत असत, पात्रे बदलत असत आणि साचलेली भीती दर वेळी रिकामी होत असे. दहाही भाग एकदम उपलब्ध असलेल्या मालिकेत भागाच्या शेवटी ठेवलेला पेच पुढच्या काही सेकंदांत सुटू शकतो. तेथे वाट पाहण्यावर विसंबता येत नाही. भीतीला साचू द्यावे लागते. फ्लॅनगन यांनी हा मार्ग निवडला आणि तो मालिकेला मानवला.

भरताचे ओसाड घर

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने भयानक रसाचा स्थायी भाव भय असल्याचे सांगून त्याचे विभाव दिले आहेत. विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांमुळे वाटणारा उद्वेग, शून्यागार म्हणजे ओसाड घर, अरण्यात जाणे आणि स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे, ऐकणे वा त्याची वार्ता कानी येणे, असे त्यांचे स्वरूप आहे. हातापायांचा कंप, चंचल दृष्टी, रोमांच, मुखवैवर्ण्य, स्वरभेद हे अनुभाव होत. या रसाचा वर्ण कृष्ण आणि दैवत काल मानले आहे.

या यादीकडे पाहिले असता दोन गोष्टी लक्षात येतात. तिचा बराचसा भाग कोणत्याही भयपटाची सामग्री म्हणून आजही जसाच्या तसा वापरता येईल. शेवटचा घटक मात्र बाकीच्यांपासून वेगळा आहे. घुबड, अरण्य, ओसाड घर या बाहेरच्या गोष्टी झाल्या. स्वजनांचा नाश ही आतली गोष्ट आहे, आणि तिची नुसती वार्तासुद्धा भरताच्या मते भय निर्माण करण्यास पुरेशी आहे. याच प्रकारचा विभाव करुण रसाच्या यादीतही येतो : इष्टजनांचा वियोग, वध, बंधन. एकच कारण एकदा भय उत्पन्न करते आणि एकदा शोक. मग फरक कशाने पडतो? शोकाला भरताने निरपेक्ष म्हटले आहे. त्यात आशेला वाव उरत नाही. भय अजून सापेक्ष असते. जे व्हायचे ते पुरते झालेले नसते, टळण्याची शक्यता शिल्लक असते. दुसऱ्या शब्दांत, भयाचे तोंड भविष्याकडे असते आणि शोकाचे भूतकाळाकडे.

हिल हाउसमध्ये या दोन दिशांचा गुंता केलेला आहे. मालिकेतील भुते बहुतांशी घरातल्याच माणसांची आहेत, किंवा होणार आहेत. ज्याची भीती वाटते आणि ज्याच्यासाठी रडू येते, ते एकच आहे. मराठीत 'भूत' हा एकच शब्द पिशाच्च आणि होऊन गेलेला काळ या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. 'काल' या शब्दातही यम आणि समय दोन्ही सामावलेले आहेत. अमेरिकन मालिकाकाराला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याने रचलेले कथानक समजावून सांगण्यास हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

चौकटीच्या कडेला

धास्ती निर्माण करण्यासाठी मालिकेने योजलेली सर्वांत चर्चित युक्ती म्हणजे पार्श्वभूमीत लपवलेली भुते. घरातील सामान्य प्रसंग चालू असतो. आई मुलांशी बोलत असते, वडील दुरुस्तीच्या कामात असतात. मागे दाराच्या फटीत, जिन्याखाली वा काचेपलीकडे एक फिकट चेहरा स्थिर उभा असतो. संगीत बदलत नाही. कॅमेरा तिकडे वळत नाही. पात्रांना तो दिसत नाही आणि कथानकात त्याचा उल्लेखही होत नाही. ही योजना हेतुपूर्वक केल्याचे दिग्दर्शकाने मान्य केले आहे आणि प्रेक्षकांनी अशा आकृतींच्या याद्याही केल्या आहेत.

या युक्तीची तुलना हिचकॉक यांच्या बॉम्बशी करून पाहण्यासारखी आहे. तेथे दिग्दर्शक प्रेक्षकाला विश्वासात घेतो आणि बॉम्ब दाखवून ठेवतो. येथे तो काहीच सांगत नाही. ज्याला चेहरा दिसला त्याचीही खात्री पटत नाही : तो खरोखर होता की पडद्याच्या चुण्यांचा भास? त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० च्या ग्रंथात अद्भुत वाङ्मयाचे मर्म या द्विधेत पाहिले होते. घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हा निर्णय जोवर लांबतो तोवर तो प्रकार जिवंत राहतो. तोदोरोव्ह यांनी ती द्विधा प्रामुख्याने वाचकाची मानली, पण बहुधा ती एखाद्या पात्रामार्फत त्याच्यापर्यंत पोहोचते. येथे मधले पात्रच गाळले आहे. पात्र निश्चिंत, प्रेक्षक साशंक. एकदा असा चेहरा दिसला की उरलेल्या सर्व दृश्यांतला प्रत्येक काळोखा कोपरा प्रेक्षक स्वतःच धुंडाळू लागतो. रिकाम्या कोपऱ्यालाही तो घाबरतो. भीती उत्पन्न करण्याचे श्रम दिग्दर्शकाकडून प्रेक्षकाकडे गेलेले असतात.

यात एक धोकाही होता. शोधण्याचा खेळ सुरू झाला की भीती मागे पडून कोडे सोडवण्याचा आनंद पुढे येतो. दुसऱ्यांदा मालिका पाहणाऱ्याच्या बाबतीत ते घडतेच. पहिल्या वेळी ते फारसे घडत नाही, कारण पुढच्या प्रसंगातील कौटुंबिक वाद प्रेक्षकाचे लक्ष ओढून नेतो.

येथे अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी पहिल्याची आठवण होते. जे दाखवले जात आहे ते संभवनीयच वाटत नसेल तर प्रेक्षकाचे मन त्यात विसावत नाही आणि रसप्रतीतीला सुरुवातच होत नाही. भयकथेला या विघ्नाचा उपद्रव सर्वाधिक. भुतावर विश्वास नसलेल्या प्रेक्षकाला भुताची गोष्ट कशी पटावी? फ्लॅनगन यांचे उत्तर असे की भूत पटवून देण्याचा प्रयत्नच करू नये. भावंडे पटवून द्यावीत. पुस्तकाच्या पैशांवरून शर्ली व स्टीव्हन यांच्यातील तेढ, ल्यूकच्या फोनला उत्तर द्यावे की नाही याचा घोळ, धाकट्या बहिणीचा फोन न उचलल्याची पुढे आयुष्यभर पुरणारी टोचणी, हे सर्व कोणत्याही घरात घडते. ते पटले की घराच्या भिंतीआड जे आहे तेही त्याच्या आधाराने आत येते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ च्या निबंधात विचित्र भयाचे मूळ परक्या गोष्टींत नव्हे तर घरच्या, एके काळी परिचित असलेल्या आणि नंतर दडपलेल्या गोष्टींत असल्याचे म्हटले होते. दुरावलेल्या भावंडांची कथा त्या विधानाला अगदी शब्दशः उतरते.

मान मोडलेली स्त्री

मालिकेचा कणा पाचव्या भागात आहे. लहानपणी हिल हाउसमध्ये पहिल्याच रात्री नेलला आपल्या पलंगाशी एक स्त्री दिसते. केस मोकळे, मान एका बाजूला विचित्रपणे वाकलेली. ती 'मान मोडलेली बाई' तिला पुढे आयुष्यभर अधूनमधून दिसत राहते. पतीच्या अकस्मात मृत्यूच्या वेळीही ती तेथे असते. झोपेत शरीर जखडून जाण्याचा नेलला त्रास आहे, त्यामुळे वैद्यकीय स्पष्टीकरणाची वाटही मोकळी ठेवली आहे. नेल मरण पावल्याचे प्रेक्षकाला पहिल्या भागापासून ठाऊक आहे; म्हणजे 'ती वाचेल का' ही उत्कंठा मालिकाकाराने स्वतःहून सोडून दिली आहे. तरीही पाचवा भाग सर्वांत भयावह ठरतो.

अखेरच्या प्रसंगात नेल त्या घरात परत जाते. घर तिला उजळलेले, माणसांनी भरलेले दिसते. मृत पती तिच्याबरोबर नृत्य करतो. आई तिच्या गळ्यात लॉकेट घालते, आणि ते लॉकेट वस्तुतः फास असतो. जिन्यावरून ती खाली कोसळते. परंतु कोसळणे तेथे थांबत नाही. ती काळातून खाली पडत जाते, आपल्याच आयुष्यातील एकेका क्षणाशी अडखळत : पतीच्या मृत्यूची रात्र, त्याआधीच्या रात्री, आणि शेवटी लहानग्या नेलचा पलंग. मान मोडलेली बाई म्हणजे ती स्वतः.

रसशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर भयाचे आलंबन आणि भयाचा आश्रय यांतील भेद येथे नाहीसा होतो. जी भिते आणि जिला भिते ती एकच व्यक्ती आहे. ती इतकी वर्षे जिला धमकी समजत होती, ती प्रत्यक्षात मरणाऱ्या स्त्रीची असहाय हाक होती. भविष्याकडे तोंड करून असलेले भय एका क्षणात मागे वळते आणि शोक बनते. जे टळेल असे वाटत होते ते पहिल्याच रात्री घडून गेलेले होते. हिचकॉक यांच्या भाषेत बोलायचे तर, बॉम्ब आधीच फुटलेला होता. टेबलाभोवतीच्या माणसांना त्याचा आवाज तेवढा ऐकू आला नव्हता.

भयानक रसाच्या संदर्भात अभिनवगुप्ताने दिलेले उदाहरण या ठिकाणी फार उद्बोधक आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे पळणारे हरिण वारंवार मान वळवून मागे पाहते. प्रेक्षकाला तेथे जी भीती प्रतीत होते ती 'मी भ्यालो', 'हा भ्याला' अशा स्वरूपाची नसते, असे अभिनवगुप्त सांगतो. हरिण विशिष्ट नाही आणि भिवविणाराही वास्तव नाही. म्हणून देशकालाच्या बंधनातून मोकळे झालेले भय तेवढे उरते. हेच साधारणीकरण. पुढे धावताना मागे वळलेली मान हे त्या भयाचे दृश्य रूप आहे, आणि नेलचीही मानच मोडलेली असावी हा केवळ योगायोग होय. तरी दोन्ही ठिकाणी भय काळाच्या दिशेतून सुटते. नाटकात ते प्रेक्षकाच्या प्रतीतीत सुटते. मालिकेत ते कथानकातच सोडवून दाखवले आहे.

न तोडलेले चित्रण

सहावा भाग, 'दोन वादळे', पाच दीर्घ चित्रणांत घेतला आहे आणि त्यांतील काही दहा मिनिटांहून अधिक लांबीची आहेत. नेलच्या शवपेटीभोवती भावंडे व वडील जमतात. बाहेर वादळ असते. मधूनमधून १९९२ मधील दुसऱ्या वादळी रात्रीचे प्रसंग येतात. दोन्ही ठिकाणांचे नेपथ्य एकमेकांना जोडून उभारलेले असल्याने वडील अंत्यविधीगृहाच्या मार्गिकेतून चालत चालत कोठेही कट न येता सरळ हिल हाउसच्या दालनात शिरतात.

तंत्राचे हे कौतुक पुष्कळ झाले आहे. भयनिर्मितीच्या दृष्टीने त्याचे मर्म वेगळे. दृश्य तोडणे हा प्रेक्षकाला मिळणारा छोटा विसावा असतो. नव्या चौकटीबरोबर जागा, कोन आणि आश्वासन मिळते. न तोडलेल्या चित्रणात तो मिळत नाही. कॅमेरा माणसांभोवती फिरत राहतो, आणि ज्या भागाकडे त्याची पाठ आहे तेथे काय चालले असेल हा प्रश्न प्रेक्षकाला सतत बोचतो. एका फेरीत शवपेटीपाशी कोणी नसते. पुढच्या वेळी तेथे नेल उभी असते. वडील आत येतात तेव्हा मुलांभोवती फिरणाऱ्या कॅमेऱ्यात प्रौढांच्या जागी क्षणभर लहान मुले दिसतात. या दृश्यात भिण्यासारखे काही नाही. पण बापाला आपली मुले अशीच दिसत असणार हे कळल्यावर बसणारा चटका कोणत्याही भुतापेक्षा अधिक काळ टिकतो.

त्याच भागात जुन्या वादळी रात्री लहानगी नेल अचानक नाहीशी होते. सारे घर शोधले जाते. अखेर ती सापडते तेव्हा ती सांगते की ती तेथेच होती, हाका मारीत होती, हात हलवत होती. कोणी तिला पाहिले नाही. ही तक्रार भुताची आहे आणि दुर्लक्षित धाकट्या मुलीचीही. पार्श्वभूमीतले चेहरे न पाहणाऱ्या प्रेक्षकालाही ती लागू पडते, हे ध्यानात आल्यावर आधीच्या पाच भागांतील लपवाछपवी केवळ युक्ती राहत नाही.

मोटारीतील किंकाळी

धक्क्याच्या तंत्राविषयी येथवर प्रतिकूल लिहिले गेले. अभिनवगुप्ताच्या तिसऱ्या रसविघ्नाचा आधार घेतला तर त्या प्रतिकूलतेचे कारण नेमके सांगता येते. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने ग्रासला की रसास्वाद खुंटतो. दचकलेला प्रेक्षक कथेतील भयाचा आस्वाद घेत नसतो. त्याचे स्वतःचे शरीर घाबरलेले असते. ते लौकिक भय होय, भयानक रस नव्हे.

या नियमाला मालिकेनेच आठव्या भागात एक अपवाद उभा केला आहे. शर्ली आणि थिओ मोटारीतून जात असतात. त्यांच्यातील भांडण विकोपाला जाते, शब्द एकमेकांवर आदळत राहतात. प्रेक्षक भांडणात पुरता गुंतलेला असतो. एकाएकी मागच्या आसनावरून नेलचे भूत दोघींच्या मध्ये येऊन कानठळ्या बसवणारी किंकाळी फोडते. मालिकेतील हा सर्वांत प्रसिद्ध धक्का आहे आणि प्रेक्षक हमखास उडतो. पण मोटार थांबते आणि थिओचे अंतःकरण मोकळे होते. जे भांडणाने कधी बाहेर आले नसते ते बोलले जाते. लहानपणी जिला कोणी पाहिले नाही, त्या धाकट्या बहिणीने या वेळी आपल्याकडे पाहायला भाग पाडले. धक्का प्रेक्षकाच्या शरीराला बसला तरी त्याचे कारण आणि परिणाम दोन्ही पात्रांच्या संबंधांत आहेत. मालिकेत धक्के थोडे आहेत, म्हणूनच हा एवढा खर्च तिला परवडला.

लाल खोली आणि शेवट

घरात एक कुलूपबंद लाल दार आहे. कोणत्याही किल्लीने ते उघडत नाही आणि त्यामागे काय आहे हा प्रश्न दहा भाग टांगून ठेवलेला आहे. अशा रहस्याचे उत्तर बहुधा निराश करते. ज्याची कल्पना केली ते दिसणाऱ्यापेक्षा नेहमीच मोठे असते. येथे उत्तर असे मिळते की ते दार कधीच बंद नव्हते. मुलांची खेळण्यांची खोली, ल्यूकचे झाडावरचे घर, थिओची नृत्याची जागा, आईची वाचनाची खोली, या सर्व त्याच एका लाल खोलीने घेतलेल्या रूपांच्या जागा होत्या. सर्वांत एकच उभी खिडकी दिसत होती. पाहणाऱ्याने तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. घराच्या या पोटात प्रत्येकजण आपल्या आवडत्या जागी निर्धास्त बसला होता. जेथे भीती वाटली नाही तीच जागा धोक्याची होती, हे कळल्यावर धास्ती मागील सर्व सुखद प्रसंगांवर पसरते. भीती मागे जाऊन आठवणी नासवते. या मालिकेचे हे सर्वांत मोठे यश मानावे लागेल.

शेवटाबाबत मात्र मतभेदाला जागा आहे. दहाव्या भागात वडील आपला जीव देऊन मुलांना सोडवतात, भावंडे एकमेकांच्या जवळ येतात, ल्यूक व्यसनमुक्त होतो. जॅक्सन यांच्या कादंबरीचे अखेरचे वाक्य एकटेपणाच्या शब्दावर थांबते; मालिकेने तेथे सोबतीचा शब्द घातला. अनेक समीक्षकांना हा बदल मूळ कृतीशी प्रतारणा वाटला, आणि त्यात तथ्य आहे. नऊ भागांत जमवलेली थंडी दहाव्या भागातील दीर्घ स्वगतांच्या उबेने पुष्कळशी विरते. मालिकेच्या अंतर्गत तर्काने पाहता हा शेवट सर्वस्वी उपरा मात्र नाही. भयाचे पर्यवसान शोकात करून दाखवणाऱ्या रचनेला शोकाचे पुढचे टप्पेही दाखवावे लागणारच. पाच भावंडांच्या स्वभावांची योजना शोकाच्या सुप्रसिद्ध पाच अवस्थांवर केल्याचे दिग्दर्शकाने सांगितलेही आहे.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. शेवटच्या दृश्यात ल्यूकच्या व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा होतो आणि सर्वजण हसत असतात. त्या खोलीच्या मागच्या भिंतीत लाल खोलीची ती उभी खिडकी ठेवावी, असा विचार त्याच्या मनात आला होता. ती ठेवली असती तर कोणीच सुटले नव्हते असा अर्थ झाला असता. पुढे, या पात्रांशी असे क्रूर वागणे नको म्हणून त्याने ती काढून टाकली. खिडकी नाही. केक मात्र लाल रंगाचा आहे, आणि मालिका नुकतीच पाहून संपवलेल्या प्रेक्षकाची दृष्टी त्या केकवरून मागच्या भिंतीकडे गेल्याशिवाय राहत नाही.